चढाईला कोणाला पाठवू, आप्पा?

आप्पा,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता चढाईचं नाव कोण ठरवणार? रडू नंतर आलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही स्वतः एकदा एका मयतीहून परत येत होतात, डोक्यावरचं पाणी वाळलं नव्हतं, आणि वाटेत मला थांबवून विचारलंत, "मार्थे, त्या कोपऱ्यातल्या पोरीचा पाय बरा झाला का?"

जिल्ह्याच्या कबड्डी निवड चाचणीला ह्या वर्षी प्रत्येक मंडळाकडून दोनच मुली मागवल्या आहेत. एक पकडीची, एक चढाईची. पकडीच्या मुलीवरून आपलं भांडण नव्हतं. चढाईच्या जागेवर दोघी होत्या, सानिका आणि रोशनी, आणि आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं होतं. मी म्हणत होते सानिका. तुम्ही म्हणत होतात रोशनी. का, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

तसं तुम्ही कधीच काही नीट सांगायचा नाहीत. मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीजवळ बसायचं, मॅच संपली की उठायचं आणि एकच वाक्य बोलायचं. "ही चालंल." "हिला अजून वेळ हाय." मी कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर पार्टना माप तपासायचं गेज लावते. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. लाइनवरचा कुणी मला "मॅडम, पार्ट बघूनच चांगला वाटतोय" म्हणाला तर मी त्याला परत पाठवते. आणि संध्याकाळी शिरूरला येऊन तुमच्याशी गाठ पडायची, तुमचं सगळं बघूनच.

म्हणून मी मुलींच्या चढायांचे आकडे मोबाइलवर ठेवायला लागले. किती चढाया, किती गुण, किती रिकाम्या, किती वेळा पकडल्या गेल्या. तुम्हाला दाखवलं की तुम्ही मान हलवून म्हणायचा, "छान हाय. आता यात भीती कुठल्या रकान्यात लिवतीस?"

"भीती मोजता येत नाही, आप्पा."

"मंग अर्धी मॅच राहिली की गं तुझी!"

"आणि तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं मी पुराव्याला कुठे दाखवू?"

"दावू नगंस. इस्वास ठेव."

"विश्वास मी रविवारी चर्चमध्ये ठेवते. मैदानावर आकडे."

यावर तुम्ही इतके हसलात की चहा सदऱ्यावर सांडला, आणि पुढे महिनाभर येईल त्याला ते वाक्य ऐकवत राहिलात.

चुका दोघांच्याही झाल्या. माझ्या आकड्यांनी एकदा एक मुलगी निवडली. तिचे गुण भरपूर होते, पण जवळजवळ सगळे बोनसचे. समोर सहा-सात जणी उभ्या असताना रेषेपर्यंत जायचं, पाय टेकवायचा आणि परत यायचं. मोठ्या सामन्यात समोरच्यांनी ती रेषाच तिला मिळू दिली नाही, आणि पोरगी हात हलवत परत येत राहिली. तुम्ही मला टोमणा मारला नाहीत, ते मला जास्त लागलं. मग तुम्ही डोळ्यांनी एक निवडलीत. "वाघीण हाय," म्हणालात. वाघीण पहिल्याच सामन्यात बाद झाली ती बसलेलीच राहिली. त्या वेळी मात्र मी टोमणा सोडला नाही. "आप्पा, वाघीण गुहेत गेली." तुम्ही म्हणालात, "हिवाळा हाय."

सानिका कवठे येमाईची. शाळेपासून आपल्याकडे. तालुक्यात कुठेही सामने असोत, लोक तिला नावाने ओळखतात. माझ्या आकड्यांत ती सगळ्यांच्या वर, आणि नुसत्या बोनसवर नाही. हात लावून, पाय लावून, साखळी तोडून. कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. रोशनी शिक्रापूरची. वडील बिहारहून आलेले, गोदामात माल चढवतात. ती आपल्याकडे आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हती, आणि तुम्हाला हिंदी येत नव्हती. तुम्ही तिला सांगायचा, "बेटा, डावीकडंसे जाव." ती बरोबर उजवीकडून जायची. तिचे गुण सानिकापेक्षा कमी. थोडेथोडके कमी नाहीत. वडिलांनी सांगून ठेवलंय, यंदा काही झालं नाही तर पॅकिंगच्या लाइनवर कामाला जायचं.

शेवटचं बोलणं तुमच्या ओट्यावर झालं. मी मोबाइल पुढे केला. तुम्ही पाहिलाही नाहीत.

"रोशनीचं नाव घाल."

"कारण सांगा."

"दौंडला सरावाची मॅच हाय ना? तितं दावतो तुला."

"इथे सांगायला काय झालं?"

"सांगून कळत आसतं तर तू येवढी शिकलीस, तुला कवाच कळलं आसतं."

मी चिडून निघून आले. दौंडच्या सामन्याआधीच तुम्हाला शिरूरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून तुम्ही परत आला नाहीत. मला कारण न सांगता गेलात, याचा मला अजून राग आहे. तो इथे लिहून ठेवते. शोकसभेत सगळे गोड बोलले, तिथे तो बोलायला जागा नव्हती.

एक गोष्ट मीही तुम्हाला बोलले नव्हते. तुम्हाला दिसत नव्हतं, आप्पा. मला माहीत होतं. कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचा तुम्ही. चालताना मला नेहमी डाव्या बाजूला घ्यायचा. मॅच चालू असताना शेजारच्या मुलीला विचारायचा, "सांग बघू, आत्ता काय झालं?" सगळ्यांना वाटायचं, आप्पा परीक्षा घेतायत. मुली घाबरून सगळं तपशिलात सांगायच्या. साखरेने तुमचे डोळे नेले होते आणि तुम्ही ते झाकून होतात. वाद घालताना हे माझ्या जिभेवर कितीदा आलं. एका वाक्यात जिंकले असते: आप्पा, तुम्ही 'बघून कळतं' म्हणता, पण तुम्हाला पलीकडचा कोपरा दिसतो का? ते वाक्य मी काढलं नाही. बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. कारण मग रोशनीचं नाव तुम्ही कशावरून घेत होतात? न दिसणाऱ्या माणसाच्या नजरेवर विश्वास ठेवून मी एका पोरीचं वर्ष घालवायचं का? मला झोप लागेना ती ह्या प्रश्नाने.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भन्तेजी गेले, खिरीची पातेली आवरत होतो. मी काकूंना विचारलं, "आप्पांना किती दिसत होतं?"

काकूंनी पातेल्यातून मान वर केली नाही. "माझं त्वांड दिसत न्हवतं, मंग तुमची मॅच काय दिसनार?"

"मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून काय करायचे?"

"डोळं मिटून बसायचे. पोरी मागच्या मैदानात खेळत्यात, आन् हे आसे. मी म्हनायचे, झोपलाव व्हय? तर म्हनायचे, गप, दम ऐकू दे."

मी पातेलं खाली ठेवलं.

दौंडचा सामना ठरलेला होता, तो आम्ही रद्द केला नाही. तुम्ही केला नसतात. जीपमध्ये सानिका अधूनमधून खिडकीबाहेर बघून म्हणायची, "आप्पांनी हितं भजी घ्यायला लावली आसती." रोशनी शेवटच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोघींना माहीत होतं की ह्या सामन्यानंतर मी नाव देणार आहे.

मैदानावर मी गुणलेखकाच्या टेबलाजवळ नेहमीची खुर्ची घेतली नाही. पलीकडे, तुम्ही बसला असतात तशा जागी, जमिनीवर बसले. मी तुमच्याकडे खेळत होते तेव्हा तुम्ही एक गोष्ट सांगितली होतीत, चांगल्या डोळ्यांच्या दिवसांत: चढाई करणारीकडे बघू नका, समोरच्या सात जणींच्या पायांकडे बघा. ती रेषा ओलांडते तेव्हा पाय मागे जातात का पुढे येतात, त्यावरून तिची किंमत कळते. म्हणून मी पाय बघायला लागले.

सानिका गेली की दौंडच्या मुलींचे पाय मागे सरकायचे. सगळ्यांचे, एकदम. रोशनी गेली की कोपऱ्यातल्या दोघी पुढे यायच्या. पुनःपुन्हा हेच. म्हणजे तुमच्याच रीतीने बघितलं तरी सानिकाच. आकडे सानिका म्हणतात, पाय सानिका म्हणतात, आणि फक्त तुम्ही रोशनी म्हणत होतात, ज्यांना दोन्ही दिसत नव्हतं. मनात आलं, आप्पा चुकले. आजारी होते, पोरीची दया आली असेल, चुकले. जिल्ह्याला सानिकाचं नाव द्यावं आणि मोकळं व्हावं.

मग मध्यंतरात दौंडची एक मुलगी पाणी पिताना मैत्रिणीला म्हणाली, "ती लांब वेणीवाली, तिच्यापासून लांब राह्य. शिरूरची सानिका ती. लई पॉइंट काढती." आणि मला कळलं की त्या मुली सानिकाच्या खेळापासून मागे सरत नव्हत्या, तिच्या नावापासून सरत होत्या. तिचे आकडे तिच्याआधी दौंडला पोचले होते. जिल्ह्याला पलीकडच्या तालुक्यांतल्या मुलींना सानिका कोण आणि रोशनी कोण, काही माहीत नसणार. तिथे कुणाचेच पाय फुकटात मागे सरणार नाहीत.

दुसऱ्या डावात मी डोळे मिटले. लोक बघत असतील, असू देत. मला आधी काहीच कळेना. नुसता गलका. मग हळूहळू दम, म्हणजे एका श्वासातलं ते 'कबड्डी, कबड्डी', वेगळा ऐकू यायला लागला. सानिकाचा दम मध्यरेषेवर खणखणीत असतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसरी आली, म्हणजे आता गुण नाही घेतला तर बाद, की तिचा दम चढतो. शब्द एकमेकांवर पडतात, आवाज बारीक होतो. तेवढ्यात तिचं ठरलेलं असतं की आता उडी मारायची, आणि ऐकणाऱ्याला ते उडीच्या आधी कळतं. रोशनीचा दम पहिल्या चढाईला जसा, तसाच तिसरीला. सपाट. कंटाळवाणा म्हणावा इतका. दोघी अंगावर आल्या, तिचा पाय धरला, ती खाली पडली, आणि पडल्यापडल्याही तोच आवाज, तीच गती, हात मध्यरेषेकडे सरकत. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा मी डोळे उघडले. हात रेषेच्या पलीकडे होता.

भीतीचा रकाना तो होता. एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

घरी येऊन मी मोबाइल काढला. मला ऐकलेल्यावर सोडता येईना. फक्त तिसऱ्या चढाया वेगळ्या काढल्या, दोघींच्या. त्या इतक्या थोड्या निघाल्या की त्यांवरून काही म्हणता येत नाही. थोडंसं रोशनीकडे झुकतं, पण कंपनीत एवढ्यावर मी एक बोल्टही पास केला नसता. शेवटी मला ज्याचा पुरावा नाही अशा गोष्टीवर नाव द्यायचं होतं. तुम्ही आयुष्यभर हे केलंत आणि शांत झोपलात. कसे झोपलात, तेही विचारायचं राहिलं.

मी रोशनीचं नाव ठरवलं.

आता आपल्या मंडळाची रीत. जिचं नाव नाही, तिला आधी कळवायचं. बोर्डावर लावायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप द्यायचा नाही. घरी जाऊन तोंडावर सांगायचं, आणि मगच नाव पाठवायचं. हे काम नेहमी तुम्ही केलंत. माझं नाव वगळलंत तेव्हा तुम्ही सायकलवर मिशन कंपाउंडात आला होतात. रविवार होता, उपासना चालू होती. ती सुटेपर्यंत उन्हात सायकल धरून उभे राहिलात आणि माझ्या वडिलांसमोर मला म्हणालात, "तुझा हात लांब हाय, पर तुला परत यायची घाई हाय. म्हनून तुझं नाव न्हाई." मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. पण परत यायची घाई गेली, ती कायमची. नोकरीत, संसारात, सगळीकडे कामी आलं ते. तुमचे आभार मानायचे तर ह्याचे मानीन.

मी स्कूटर काढली आणि कवठे येमाईला गेले. वाटेत दोनदा थांबले. सानिका अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघितलं आणि तिला कळलं. तिने हातातला टॉवेल पिळला, पिळलेला होता तरी.

"माझं न्हाई ना?"

"नाही. रोशनीचं."

"ताई, पॉइंट कुनाचं जास्त हायेत?"

"तुझे."

"तुमच्याच मोबाइलमदी?"

"माझ्याच."

"मंग?"

मी सांगितलं. तिसऱ्या चढाईला तुझा दम चढतो. समोरच्याला तू काय करणार ते आधी कळतं. तालुक्यात तुझ्या नावाला बिचकतात म्हणून चालून जातं, जिल्ह्याला चालणार नाही.

मला वाटलं होतं ती रडेल. ती टॉवेल दोरीवर टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कवापासून चढतोय?"

"मला काल कळलं."

"आप्पांना?"

मला खोटं बोलता आलं नाही. "त्यांना आधीपासून माहीत असणार."

"मंग मला का न्हाई सांगितलं?" आता तिचा आवाज फुटला. "म्या सुधारलं नसतं? पहाटं उठून कांदं काढून प्रॅक्टिसला येत व्हते म्या. दम कसा घ्यायचा एवढं म्हनले आसते तर म्या झोपंत सुदीक तेवढंच केलं आसतं. तुमी दोगं नुसते एकमेकांत भांडत बसला!"

आप्पा, माझी चूक मला तोंडावर सांगितलीत, तिची तिला का नाही सांगितलीत? दिसत नाही ते उघड होईल म्हणून? ऐकून ओळखतो म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. हसलं असतं तर मी बघून घेतलं असतं. मी तिला एवढंच म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

तिच्या आईने चहा आणला. सानिकाने घेतला नाही. मी घेतला, कारण न घेणं जास्त अवघड होतं. कप ठेवून मी उठले, तेव्हा ती पाठमोरीच म्हणाली, "तिच्यासंगं कोन जानार हाय चाचणीला?"

"मी."

"मी बी येते."

"कशाला?"

"तिची पिशवी धराया न्हाई. ती डावीकडं वळायच्या आधी खांदा खाली टाकती. दर टायमाला. म्या सरावात तिला त्याच्यावरच धरते. जिल्ह्याच्या पोरी आंधळ्या हायेत का? दोन चढायांत वळखत्यात बघा."

"हे तू तिला सांगितलं नाहीस?"

"ती माझी जागा खायाला आली व्हती. म्या कशाला सांगू?" मग दोरीवरचा टॉवेल सरळ करत म्हणाली, "आता खाल्लीच हाय तर नीट खाऊ दे."

मी स्कूटरवर बसून गावाबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. मोबाइल हातात होता. नाव अजून गेलेलं नव्हतं, बदलता आलं असतं. डावा खांदा. माझ्या एकाही रकान्यात तो नव्हता. काल मी एवढी डोळे मिटून बसले होते. मागून ट्रक गेला, स्कूटर हलली. मी रोशनीचं नाव पाठवलं. मग सानिकाला फोन करून सांगितलं की उद्यापासून रोज सकाळी मैदानावर ये, तिला आपण दोघी शिकवू, आणि तुझा दमही तिथेच बघू. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

चाचणी येत्या रविवारी आहे. तेवढ्या दिवसांत खांद्याची सवय मोडते का, मला माहीत नाही. आज सकाळी रोशनीला खांद्याचं सांगितलं, तर ती इतकी घाबरली की तिचा दमही हलला. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला. तुम्ही असतात तर कदाचित म्हणाला असतात, पोरीला सांगून ठेवलंस आन् घालवलंस. कदाचित म्हणूनच तुम्ही सांगत नसाल. किंवा तुम्हाला हे खांद्याचं माहीतच नसेल. मी दिवसभर ह्याचाच विचार करतेय, आणि प्रत्येक वेळी तिथेच येऊन थांबतेय.

खांदा पडल्याचा आवाज होत नाही, आप्पा.